सोल किती शुद्ध करायचा? फेरिक हायड्रॉक्साइडच्या एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला कलिलांवर एक मोठा प्रयोग आहे. फेरिक हायड्रॉक्साइडचा सोल (म्हणजे पाण्यात तरंगत राहिलेल्या अतिसूक्ष्म घन कणांचा कलिल) तयार करायचा, त्यात वेगवेगळे क्षार घालायचे, कोणत्या क्षाराच्या किती संहतीला सोल साकळतो, म्हणजे कण एकत्र येऊन गाळ होतो, ते शोधायचे आणि त्यावरून हार्डी-शुल्झ नियम पडताळायचा. शुल्झ यांनी १८८२ साली आणि हार्डी यांनी १९०० साली दाखवून दिलेली ही गोष्ट आहे. कणांवर जो प्रभार असतो त्याच्या विरुद्ध प्रभाराचा आयन सोल साकळवतो आणि त्या आयनाची संयुजा (त्यावरच्या प्रभाराची संख्या) वाढली की त्याची ताकद एकदम कितीतरी पटींनी वाढते.

या सोलचे कण धनप्रभारित असतात, म्हणून इथे महत्त्व ऋण आयनांचे. पाठ्यपुस्तकांत साकळमूल्ये अशी दिलेली असतात: सोडियम क्लोराइड सुमारे ९.२५, पोटॅशियम सल्फेट सुमारे ०.२०५ आणि पोटॅशियम फेरिसायनाइड सुमारे ०.०९६ मिलिमोल प्रति लिटर. साकळमूल्य म्हणजे दोन तासांत सोल साकळवणारी क्षाराची कमीत कमी संहती. व्याख्येतले हे ‘दोन तास’ पुढे महत्त्वाचे ठरले.

विभागातली कृती साधी होती. १९० मिलि डिस्टिल्ड पाणी उकळत ठेवायचे आणि त्यात फेरिक क्लोराइडचे २ टक्के द्रावण १० मिलि, थेंबथेंब, ढवळत सोडायचे. प्रत्येक थेंबाबरोबर पिवळेपणा जाऊन गडद तांबूस-तपकिरी, पण आरपार दिसणारा रंग येतो. फेरिक क्लोराइडचे जलअपघटन होऊन हायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. (हे कण खरे तर पाणी धरून ठेवलेल्या आयर्न ऑक्सिहायड्रॉक्साइडचे असतात, इथे रुळलेले नावच ठेवले आहे.) कृतीच्या कागदावर पुढची ओळ होती: ‘थंड करून वापरावा.’

अडचण

सहा गटांनी प्रयोग केला आणि एकाही गटाला नियम पडताळता आला नाही.

सोडियम क्लोराइडने सोल साकळलाच नाही. प्रत्येक नळीत ५ मिलि सोल आणि उरलेल्या ५ मिलिमध्ये क्षाराचे द्रावण व पाणी अशी मांडणी होती. क्षाराचे द्रावण ०.१ मोलर असल्यामुळे मिश्रणातली कमाल संहती ५० मिलिमोल प्रति लिटर होती. पुस्तकातल्या मूल्याच्या पाचपट मीठ घालूनही नळी तशीच नितळ राहिली. सल्फेटने सोल साकळला, पण मूल्ये १.२ पासून ३.४ मिलिमोल प्रति लिटरपर्यंत विखुरली होती. एका गटाने फेरिसायनाइडऐवजी चुकून फेरोसायनाइडची बाटली उचलली आणि नळी निळी झाली. आणखी एका गटाच्या कोऱ्या नळीतच, म्हणजे नुसता सोल आणि पाणी असलेल्या नळीत, तपकिरी कण तळाला बसले.

याहून गंभीर बाब वह्या तपासताना कळली. काही जणांनी सरळ पुस्तकातले आकडे उतरवले होते. प्रयोग धड उत्तर देत नसेल तर विद्यार्थी उत्तर बाहेरून आणतात, हे विभागाने ओळखले आणि कृती मुळापासून तपासायचे ठरवले.

कारणांचा शोध

आधी साधा हिशेब केला. निर्जल फेरिक क्लोराइडच्या २ टक्के द्रावणाच्या १० मिलिमध्ये ०.२ ग्रॅम क्षार असतो, म्हणजे सुमारे १.२३ मिलिमोल. तो २०० मिलिमध्ये गेला की लोहाची संहती ६.२ आणि क्लोराइडची १८.५ मिलिमोल प्रति लिटर होते. मोजलेला पीएच १.९ आणि विद्युतवाहकता सुमारे ६ मिलिसीमेन्स प्रति सेंमी. थोडक्यात, बाटलीत कलिलाबरोबर हायड्रोक्लोरिक आम्लाचे चांगले तीव्र द्रावणही होते.

इथे कोणालाही कोडे पडेल. ९ मिलिमोल क्लोराइडने साकळणारा सोल १८ मिलिमोल क्लोराइड पोटात घेऊन शांत कसा राहतो? उत्तर क्लोराइडच्या जोडीदारात आहे. सोडियम आयन कणाच्या पृष्ठभागाला काही करत नाही. हायड्रोजन आयन मात्र पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना चिकटतो आणि कणावरचा धनप्रभार वाढवतो. लोहाच्या अशा ऑक्साइडांचा शून्य प्रभाराचा पीएच, म्हणजे ज्या पीएचला कणांवर एकूण प्रभार उरत नाही तो, साधारण ७ ते ९ च्या पट्ट्यात असतो. पीएच १.९ म्हणजे तिथून खूप खाली, त्यामुळे कणांवर भरपूर प्रभार आणि त्यांच्यात जबर प्रतिकर्षण. अशा सोलला साध्या मिठाने साकळवायचे तर ५० मिलिमोल पुरत नाहीत यात नवल नाही.

सल्फेटची गोष्ट जरा वेगळी. बायसल्फेटचा (हायड्रोजन आयन धरलेल्या सल्फेटचा) पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्यातला निम्मा भाग सल्फेट होतो तो आकडा, २ च्या जवळ असल्यामुळे एवढ्या आम्लात घातलेल्या सल्फेटचा एक तृतीयांशाहून मोठा भाग एकसंयुजी बायसल्फेट होतो. जलअपघटन न झालेले फेरिक आयन शिल्लक असतील तर तेही सल्फेटला धरून संकुल करतात. म्हणजे नळीत घातलेले सल्फेट आणि कणांपर्यंत द्विसंयुजी रूपात पोचलेले सल्फेट यांत मोठी तफावत. पुस्तकातल्या मूल्याच्या कित्येक पट सल्फेट लागण्याचे हे कारण. फेरोसायनाइडच्या नळीतला निळा रंगही याच शिल्लक फेरिक आयनांकडे बोट दाखवत होता.

विखुरलेपणाची कारणे शोधताना मात्र एकापेक्षा जास्त गोष्टी हाती लागल्या. दोन वेगवेगळ्या दिवशी २ टक्के द्रावण दोन वेगवेगळ्या बाटल्यांतून केले गेले होते: एकदा काळपट निर्जल क्षारातून, एकदा पिवळट-तपकिरी ढेकळांच्या षट्जलीय क्षारातून. रेणुभार १६२.२ आणि २७०.३, एवढ्यावरच लोहाच्या संहतीत १.६७ पट फरक. उकळताना उडून गेलेले पाणी काहींनी भरून काढले, काहींनी नाही. दोन गटांनी संहती एकूण १० मिलि मिश्रणावर काढण्याऐवजी ५ मिलि सोलवर काढली होती, म्हणजे तिथे सरळ दुप्पट. आणि बहुतेकांनी नळी दहा-पंधरा मिनिटांतच पाहून निकाल लिहिला होता.

क्षार घालण्याची रीतही सारखी नव्हती. एका गटाने ब्युरेटमधून थेंबथेंब घालत अंतिम बिंदू गाठला, तर बाकीच्यांनी सगळे एकदम मिसळले. सोलमध्ये क्षार सावकाश घातला की साकळायला तो जास्त लागतो. कलिल रसायनात ही जुनी, माहीत असलेली गोष्ट आहे आणि म्हणूनच साकळमूल्य ब्युरेटने काढू नये.

कोऱ्या नळीतल्या गाळाचे कारण नळ्या धुण्यात सापडले. त्या गटाने नळ्या साबणाच्या पावडरीने घासून एकदाच विसळल्या होत्या. धुण्याच्या पावडरीतला ऋणप्रभारित पृष्ठसक्रिय पदार्थ धनप्रभारित कणांना अगदी थोड्या प्रमाणातही पुरतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता सोलच बदलण्याचा. आर्सेनिक सल्फाइडचा सोल या नियमासाठी अभिजात मानला जातो आणि त्याचे आकडेही स्वच्छ येतात. पण त्याला आर्सेनिकचे संयुग आणि हायड्रोजन सल्फाइड वायू दोन्ही लागतात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगासाठी तो लगेच बाद झाला आणि ते योग्यच झाले.

दुसरा पर्याय म्हणजे सोल तसाच ठेवून मिठाचे द्रावण ३ किंवा ४ मोलर करायचे. आकडा मिळाला असता, पण तो आम्लाने भारलेल्या, दर वेळी वेगळ्या सोलचा. सल्फेटच्या बाजूला बायसल्फेटचा घोळ तसाच राहिला असता.

तिसरा पर्याय पातळ करण्याचा. दसपट पातळ केले की आम्ल दसपट कमी होते हे खरे, पण कणही तेवढेच कमी होतात. रंग फिका पडतो, साकळण्याचा वेग मंदावतो आणि दोन तासांनी नळी नितळ आहे की गढूळ हे डोळ्यांनी ठरवणे अवघड जाते.

चौथा पर्याय डायलिसिसचा. ग्रॅहम यांनी १८६१ साली कलिल आणि स्फटिकाभ पदार्थ यांत भेद केला तो याच तंत्राच्या आधारे: पटलातून आयन आणि लहान रेणू निघून जातात, कण आत राहतात. विद्युत-डायलिसिसने हेच काम लवकर होते, पण त्याची उपकरणे विभागात नव्हती. साध्या डायलिसिसला सेल्युलोजची नळी, बीकर आणि पाणी एवढेच लागते. डायलिसिस निवडले गेले. वाद उरला तो एकाच प्रश्नाचा, थांबायचे कुठे? त्या वेळी तो वाद आहे हेच कोणाच्या लक्षात आले नव्हते. ‘जेवढे शुद्ध तेवढे चांगले’ हे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

काय केले: पहिला प्रयत्न

वेळ वाचवण्यासाठी पहिली पिशवी नळाच्या वाहत्या पाण्यात रात्रभर टांगली. सकाळी पिशवीत तांबूस-तपकिरी लगदा आणि वर रंगहीन पाणी.

नळाच्या पाण्यात २० मिलिग्रॅम प्रति लिटर सल्फेट असले, तरी ते ०.२१ मिलिमोल होते, म्हणजे थेट साकळमूल्याएवढे. पिण्याच्या पाण्यात एवढे सल्फेट असणे अगदी सामान्य आहे. शिवाय त्यातले बायकार्बोनेट आत शिरून आम्ल मारते आणि पीएच शून्य प्रभाराकडे ओढते. पटल दोन्ही दिशांना मोकळे असते. आतले आम्ल बाहेर जाते तसे बाहेरचे सल्फेट आत येते, हे विसरल्यामुळे ही पिशवी वाया गेली.

दुसरा प्रयत्न

आता फक्त डिस्टिल्ड पाणी वापरायचे ठरले. कसोटी ठेवली सिल्व्हर नायट्रेटची: बाहेरच्या पाण्याचा नमुना विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर जराही दुधाळपणा येईनासा झाला की काम पूर्ण. पाणी पुन्हा पुन्हा बदलत पाच दिवस डायलिसिस चालले. शेवटी कसोटी पूर्ण कोरी आली. पिशवीतला सोल नितळ, देखणा, पीएच ५.२, वाहकता २० मायक्रोसीमेन्सच्या आत. बाटलीत भरून ठेवला आणि प्रयोगाच्या दिवसापर्यंत तो आपोआप खाली बसला.

या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा टप्पा हाच. कणांवरचा प्रभार आकाशातून येत नाही. पृष्ठभागाने धरलेले हायड्रोजन आणि फेरिक आयन हाच तो प्रभार. बाहेरच्या द्रावणात त्यांची थोडी तरी संहती असेल तरच ते पृष्ठभागावर टिकतात. पाणी बदलत राहिले की ते एकेक करून सुटतात, सोबत प्रति-आयन म्हणून बसलेले क्लोराइडही जाते आणि प्रभार ओसरतो. प्रतिकर्षणाचा डोंगर एवढा खुजा होतो की नुसत्या उष्णतेच्या हालचालीने कण एकमेकांना भिडतात आणि चिकटतात. म्हणजे सिल्व्हर नायट्रेटची कसोटी पूर्ण कोरी येणे ही शुद्धतेची खूण जरूर होती, पण ती सोलच्या मरणाचीही खूण होती.

हे खरोखर असेच घडले का, हे पाहायला एक छोटी तपासणी केली. दोन्ही प्रयत्नांतला गाळ वेगवेगळ्या नळ्यांत घेतला आणि प्रत्येकात ०.०१ मोलर फेरिक क्लोराइडचे काही थेंब टाकून हलवले. दुसऱ्या प्रयत्नातला ताजा गाळ कडेकडेने विरघळल्यासारखा दिसू लागला. आधी तळाशी तांबूस ढग उठला, मग गुठळ्यांच्या कडा पुसट झाल्या आणि थोड्या वेळात बहुतेक गाळ पुन्हा नितळ तपकिरी सोल झाला. हे पेप्टीकरण. पहिल्या प्रयत्नातला, सल्फेटने साकळलेला गाळ मात्र ढिम्म राहिला. तो डिस्टिल्ड पाण्याने वारंवार धुऊन सल्फेट काढल्यावरच थोडासा उठला. दोन्ही गाळ दिसायला सारखे, पण एकाने प्रभार गमावला होता आणि दुसऱ्याच्या कणांना सल्फेटने बांधून ठेवले होते. हा फरक विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखा आहे. गाळ मात्र ताजा हवा. जुना झाला की कणांमध्ये पक्के बंध तयार होतात आणि फेरिक क्लोराइडही त्याला हलवू शकत नाही.

तिसरा प्रयत्न

या वेळी कसोटी बदलली. थांबायचे कधी हे बाहेरच्या पाण्यावरून न ठरवता आतल्या सोलच्या पीएच आणि वाहकतेवरून ठरवायचे.

सेल्युलोजची डायलिसिस नळी आधी कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून तिच्यातले ग्लिसरीन घालवले. जीवरसायनात ही नळी सोडियम बायकार्बोनेट आणि ईडीटीएच्या द्रावणात उकळण्याची पद्धत आहे. इथे ती टाळलेली बरी, कारण ईडीटीएचा अंश राहिला तर तो लोहालाच पकडतो. एका टोकाला दोन गाठी मारून पाणी भरून गळती तपासली. मग प्रत्येक पिशवीत १०० मिलि सोल भरला आणि पिशवीचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवला. परासरणाने पाणी आत येते आणि गच्च भरलेली पिशवी गाठीजवळ फाटते. अशा दोन पिशव्या २ लिटर डिस्टिल्ड पाण्यात, चुंबकीय ढवळणीवर ठेवल्या.

एका बदलात किती शुद्धीकरण होते याचा हिशेब सोपा आहे. २०० मिलि आत आणि २,००० मिलि बाहेर, म्हणून समतोल साधल्यावर मोकळ्या आयनांची संहती अकराव्या हिश्श्यावर येते: १८.५ वरून १.७, पुढच्या बदलाला ०.१५ आणि तिसऱ्याला ०.०१४ मिलिमोल प्रति लिटर. कणांना बांधलेले क्लोराइड या हिशेबात येत नाही, ते मागे रेंगाळते. तरीही दोन बदलांनंतर थांबून पाहावे आणि तिसऱ्याला घाई करू नये, एवढे या आकड्यांवरून कळते. समतोल साधला की नाही हे बाहेरच्या पाण्याची वाहकता स्थिरावण्यावरून ओळखले.

पहिल्या बदलानंतर सोलचा पीएच २.८ आणि वाहकता ०.७ मिलिसीमेन्स, दुसऱ्यानंतर पीएच ३.६ आणि वाहकता १५० मायक्रोसीमेन्स आली. तिथे थांबले. या पीएचला बायसल्फेटचा प्रश्न जवळपास संपतो आणि कणांवर प्रभारही पुरेसा राहतो.

पीएच मोजताना इलेक्ट्रोड कधीही सगळ्या सोलमध्ये बुडवू नये. त्याच्यातून झिरपणारे पोटॅशियम क्लोराइड टोकाजवळच्या कणांना साकळवते आणि काचेवर तांबूस थर बसतो. थोडा नमुना वेगळा काढून मोजावा, तो फेकून द्यावा आणि इलेक्ट्रोड विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवावा.

सोल झाला आहे याची खात्री टिंडॉल परिणामाने (कणांवरून विखुरलेल्या प्रकाशामुळे किरणाची रेघ दिसणे) केली. सोल निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतो, म्हणून हिरव्या लेझरची रेघ सुरुवातीलाच मरते; लाल लेझर वापरला की ती आरपार दिसते. शेजारी ठेवलेल्या फेरिक क्लोराइडच्या ताज्या आम्लधर्मी द्रावणात रेघ दिसली नाही. ही चाचणी कण आहेत एवढेच सांगते. सोल किती शुद्ध आहे याबद्दल ती काहीच बोलत नाही, आणि मूळच्या बिघडलेल्या प्रयोगातही ती उत्तम आली होती. यू-नळीत सोलवर तेवढ्याच वाहकतेचे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवून विद्युत दाब दिल्यावर तांबूस सीमा ऋण इलेक्ट्रोडकडे सरकली, म्हणजे कण धनप्रभारित.

मग साकळमूल्ये. तीन द्रावणे केली: सोडियम क्लोराइड १०० मिलिमोल, सोडियम सल्फेट २ मिलिमोल आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १ मिलिमोल प्रति लिटर. नळ्या क्रोमिक मिश्रणाऐवजी विरल नायट्रिक आम्लाने धुऊन डिस्टिल्ड पाण्याने अनेकदा विसळल्या. प्रत्येक नळीत आधी क्षार आणि पाणी मिळून ५ मिलि, त्यावर ५ मिलि सोल एकाच झटक्यात, मग बूच लावून दोनदा उलटसुलट. दोन तास नळ्या हलवायच्या नाहीत. एक कोरी नळी सक्तीची. ती गढूळ झाली तर त्या संचातला एकही आकडा धरायचा नाही.

आधी रुंद टप्प्यांनी अंदाज घेतला आणि मग ०.२ मिलिच्या टप्प्यांनी बारीक संच लावला.

निष्पत्ती

सोडियम क्लोराइडला १२ मिलिमोलची नळी नितळ राहिली आणि १४ ची साकळली. सल्फेटला ०.२० नितळ, ०.२४ साकळली. फेरिसायनाइडला ०.०८ नितळ, ०.१० साकळली. मूल्ये अशी दोन आकड्यांच्या मध्ये सांगायची, हे नव्या कृतीत मुद्दाम लिहिले. नळ्यांच्या टप्प्याहून बारीक उत्तर या पद्धतीत मिळत नाही आणि सरासरी काढून तीन दशांश स्थळे लिहिणे चुकीचे आहे.

मधली मूल्ये घेतली तर सल्फेट क्लोराइडच्या सुमारे ५९ पट प्रभावी ठरते आणि फेरिसायनाइड सुमारे १४४ पट. कलिल कधी टिकतो आणि कधी साकळतो हे सांगणाऱ्या डेर्यागिन-लांडाऊ आणि वेरवे-ओव्हरबेक यांच्या सिद्धांतात, पृष्ठविभव (कणाच्या पृष्ठभागावरचे विद्युत विभव) खूप जास्त असेल तर, साकळमूल्य संयुजेच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात येते: द्विसंयुजी आयनाला ६४ पट, त्रिसंयुजीला ७२९ पट. ५९ हा आकडा ६४ च्या इतका जवळ पाहून विद्यार्थी खूश होतात. आमच्या मते त्यांना तिथेच थांबवावे. सल्फेट या पृष्ठभागावर नुसते प्रभाराने ओढले जात नाही, ते लोहाशी रासायनिक बंधही करते, आणि सिद्धांताच्या त्या सूत्रात याला जागा नाही. जवळचा आकडा बऱ्याच अंशी योगायोग आहे. १४४ आणि ७२९ मधली दरी जास्त प्रामाणिक आहे. पुस्तकातल्या मूल्यांवरूनही हे गुणोत्तर ९६ च्या आसपासच येते.

सहाही गटांना एकाच बाटलीतला सोल दिला, तेव्हा सल्फेटची मूल्ये शेजारशेजारच्या टप्प्यांत आली. मीठ पहिल्यांदाच सगळ्यांकडे साकळले.

निर्णयाचे क्षण

सर्वांत मोठा निर्णय थांबण्याचा. पीएच ३.६ हा काही पवित्र आकडा नाही. ३.२ ला थांबले असते तर मिठाचे मूल्य वर गेले असते, ४.२ ला थांबले असते तर खाली. म्हणजे साकळमूल्य हा पदार्थाचा घनतेसारखा गुणधर्म नाही. तो त्या विशिष्ट सोलचा, त्या पीएचचा, त्या कण-संहतीचा आणि त्या दोन तासांचा आकडा आहे. म्हणूनच निकालाशेजारी पीएच, वाहकता आणि वेळ लिहिणे बंधनकारक केले. पुस्तकातल्या ९.२५ शी जुळवायचा हट्ट धरला असता, तर डायलिसिस लांबवून तो आकडाही गाठता आला असता. विभागाने तसे केले नाही याचे कौतुक वाटते.

दुसरा निर्णय त्रिसंयुजी आयनाचा. ट्रायसोडियम फॉस्फेट सुचवले गेले होते. त्याचे द्रावण जोरदार अल्कधर्मी असते, त्यामुळे साकळवण्याचे श्रेय फॉस्फेटचे की हायड्रॉक्सिलचे हे कळणार नाही. शिवाय फॉस्फेट लोहाच्या पृष्ठभागाला इतके घट्ट चिकटते की जास्त मात्रेत कणांचा प्रभारच उलटू शकतो आणि साकळलेल्या नळीच्या पुढची नळी पुन्हा नितळ दिसू शकते. फेरिसायनाइड बरे, पण ते ताजे करावे, उजेडापासून जपावे आणि त्याचा टाकाऊ अंश तीव्र किंवा गरम आम्लात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो.

वेगळे काय करता येईल

नळाच्या पाण्याची पिशवी वाचवता आली असती. पाण्याचा तपासणी अहवाल पाहून सल्फेटचा एक गुणाकार केला असता तर ती टांगलीच नसती. पाच दिवसांचा खटाटोपही रोज सोलचा पीएच मोजला असता तर दुसऱ्याच दिवशी थांबला असता.

कृतीच्या कागदावर ‘२ टक्के फेरिक क्लोराइड’ असे न लिहिता मोलर संहती आणि क्षाराचे रूप लिहावे: ०.१२३ मोलर, म्हणजे १०० मिलिला निर्जल २.० ग्रॅम किंवा षट्जलीय ३.३ ग्रॅम. उकळून झाल्यावर आकारमान २०० मिलिपर्यंत भरून घ्यावे.

प्रयोगाचा तास दीड तासाचा असेल तर दोन तासांची व्याख्या पाळता येत नाही. मग सर्व नळ्यांसाठी एकच ठरावीक वेळ, समजा ६० मिनिटे, घ्यावी आणि तसे स्पष्ट लिहावे. मूल्ये थोडी वर येतील, पण आपापसांत तुलना करता येईल. याहून चांगला मार्ग म्हणजे नळ्या तासाच्या सुरुवातीलाच लावून मधल्या वेळात टिंडॉल परिणाम आणि यू-नळी दाखवणे.

बिघडलेले दोन्ही सोल आता मुद्दाम तयार केले जातात. एका छोट्या पिशवीला नळाचे पाणी, दुसरीला गरजेपेक्षा जास्त डायलिसिस, आणि दोन्ही गाळांवर फेरिक क्लोराइडचे थेंब. वर्गात यासाठी मूळ प्रयोगापेक्षा तासभरही जास्त वेळ लागत नाही.

साठवणीबाबत: सोल पॉलिथिनच्या किंवा बोरोसिलिकेटच्या बाटलीत ठेवावा, कारण साध्या काचेतून सुटणारा अल्कली कमी आम्लाच्या सोलला हळूहळू साकळवतो. बाटलीवर तयार केल्याची तारीख, थांबल्या वेळचा पीएच आणि वाहकता लिहावी. वापरण्याआधी पीएच पुन्हा मोजावा आणि कोरी नळी लावून पाहावी. तळाशी तपकिरी थर दिसला तर सोल हलवून वापरू नये. वरचा नितळ भाग काढून घेतला तरी त्याची कण-संहती बदललेली असते, म्हणून तो सोल टाकून नवा करावा.